बो-टाय, पिकाचू आणि वकिलाची नोटीस

व्हिडिओ गेमवर वार्तापत्र लिहायला लागून वर्ष झालं. सुरुवातीचा बेत साधा होता. नवा गेम आला की खेळायचा, बरा आहे की बंडल ते सांगायचं, मोकळं व्हायचं. पण लिहायला बसलं की डोकं भलत्याच गल्लीत शिरायचं. हे असलं लिहायला पहिल्यांदा कोणी सुरुवात केली असेल? त्यांचं पहिलं वर्ष कसं गेलं? वाचत कोण होतं, आणि खर्च कोण सोसत होतं? त्या गल्लीत जो माल सापडला तो नव्या गेमांपेक्षा कितीतरी चमचमीत निघाला. आणि वर्षभर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत राहिली. गेमवर लिहिणारे आणि गेम बनवणारे यांच्यातली भिंत पहिल्यापासून चाळीतल्या लाकडी पार्टिशनसारखीच होती. इकडचं तिकडे ऐकू जायचं, माणसंही जायची, आणि पार्टिशनला पहिली फट बहुतेक वेळा कुणा वाचकाच्या पत्राने पाडलेली असायची.

तर वर्षपूर्तीनिमित्त त्यातला निवडक माल. क्रम माझ्या लहरीचा.

बक्षीस काय? अंक!

१९ ऑक्टोबर १९७२. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाची कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रयोगशाळा. रात्रीची वेळ, फुकट बिअर, आणि लाखो डॉलरच्या संगणकाभोवती जमलेले केसाळ संशोधक. निमित्त होतं ‘इंटरगॅलॅक्टिक स्पेसवॉर ऑलिम्पिक्स’. स्पेसवॉर हा गेम स्टीव्ह रसेल आणि त्याच्या दोस्तांनी दहा वर्षांपूर्वी, १९६२ मध्ये, एमआयटीत लिहिला होता. दोन यानं, मध्ये एक तारा. ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण खेचतंय, आणि आपण त्याला चुकवत समोरच्यावर गोळ्या झाडायच्या.

सामने भरवले होते स्ट्युअर्ट ब्रँडने, ‘रोलिंग स्टोन’ या रॉक संगीताच्या नियतकालिकासाठी. वृत्तांत ब्रँडने लिहिला, फोटो ॲनी लायबोविट्झने काढले. हो, तीच, पुढे जगभरातल्या नट-नट्यांचे आणि राजघराण्यांचे फोटो काढणारी. ७ डिसेंबर १९७२ च्या अंकात ते सगळं छापून आलं. विजेत्याला बक्षीस काय? ‘रोलिंग स्टोन’ची एक वर्षाची वर्गणी!

गंमत बघा. नाणं टाकून खेळायचा ‘पाँग’ बाजारात आला तो त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस. म्हणजे ‘पाँग’ गल्लीबोळांत पोचायच्या आधीच व्हिडिओ गेमचे सामने, बक्षिसासकट, होऊन गेले होते. आजच्या ई-स्पोर्ट्सवाल्यांना करोडोंची बक्षिसं लागतात. मला मात्र ते वर्गणीचं बक्षीस भारी वाटतं. जिंकणाऱ्याला वर्षभर वाचायला लावणं ही कुठल्याही संपादकाची छुपी इच्छा असते.

कुस्तीच्या रिंगणातून

अमेरिकेत फक्त गेमवर निघालेलं, सामान्य वाचकासाठीचं पहिलं मोठं मासिक म्हणजे ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’. पहिला अंक १९८१ च्या हिवाळ्यातला. काढणारे तिघं: बिल कंकेल, आर्नी कॅट्झ आणि जॉइस वॉर्ली. तिघंही विज्ञानकथांच्या हौशी अंकांच्या दुनियेतले. कंकेलची आधीची कामं वाचली तर हसू येतं. कॉमिक्स लिहिणं आणि व्यावसायिक कुस्तीचे फोटो काढणं! कंकेल आणि कॅट्झ आधी ‘व्हिडिओ’ नावाच्या मासिकात ‘आर्केड ॲली’ हे सदर लिहायचे. सदर चाललं, म्हणून मासिक निघालं.

त्याच सुमारास, नोव्हेंबर १९८१ मध्ये, ब्रिटनमध्ये ‘कॉम्प्युटर अँड व्हिडिओ गेम्स’ सुरू झालं. त्यात गेमचं परीक्षण असायचंच, पण अख्खे गेमही छापलेले असायचे. म्हणजे शब्दशः छापलेले. पानंच्या पानं कोड, ते वाचकाने घरी बसून कीबोर्डवर उतरवून घ्यायचं. एक स्वल्पविराम चुकला की गेम बोंबलला. चूक आपली की छापखान्याची, हे पुढच्या अंकातली दुरुस्ती वाचून कळायचं. त्याआधी १९७७ च्या मे महिन्यात ‘इंटरफेस एज’ या अमेरिकी मासिकाने तर अंकात पातळ प्लॅस्टिकची ग्रामोफोन तबकडीच घातली होती. ती प्लेअरवर लावायची, आणि तिचा किर्र आवाज संगणकाला पाजायचा, की प्रोग्रॅम आत! वर्षभरात वाचलेल्या असल्या उचापतींमध्ये हिचा नंबर माझ्या लेखी पहिला.

नाव छापायचं नाही? बरं!

अटारी कंपनीत गेम लिहिणाऱ्याचं नाव कुठेही देत नसत. वॉरन रॉबिनेटने ‘ॲडव्हेंचर’ हा गेम जवळपास एकहाती बनवला. नाव मिळणार नाही म्हटल्यावर त्याने गेममध्येच एक गुप्त खोली बांधली. पडद्यावरच्या पार्श्वभूमीच्या रंगात मिसळून गेलेला, जेमतेम एका ठिपक्याएवढा कण शोधायचा, तो उचलून बरोबर त्या भिंतीपाशी न्यायचा, की आत रॉबिनेटचं नाव झळकतंय. त्याने हे कुणालाही सांगितलं नाही आणि नोकरी सोडून गेला.

हे कंपनीला कळलं कसं? सॉल्ट लेक सिटीतल्या एका पोराच्या पत्राने. कसं जायचं, काय करायचं, सगळं त्याने नीट लिहून कळवलं. तोवर गेम दुकानांत पोचलेला. नवी चिप काढायची तर हजारो डॉलर जाणार. तेव्हा अटारीतल्या स्टीव्ह राइटने शहाणपणा केला. असू दे म्हणाला, असली लपवालपवी आपण ‘ईस्टर एग’ म्हणून खपवू. आज सगळं जग जो शब्द वापरतं त्याच्या मुळाशी एक चिडका प्रोग्रॅमर आणि एक चौकस वाचक आहे.

नाव आणि पैसा या दोन्हींवरून अटारीतले आणखी चौघं बाहेर पडले आणि १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन उभी राहिली. त्यांच्या पुस्तिकांत गेम लिहिणाऱ्याचं नाव असायचं, फोटो असायचा, वर त्याने दिलेल्या टिपाही. डेव्हिड क्रेनच्या ‘पिटफॉल’मध्ये (१९८२) वीस मिनिटांत जंगलातले बत्तीस खजिने गोळा करायचे असत. वीस हजार गुण झाले की टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढायचा, रोल धुवायला टाकायचा, प्रिंट पाकिटात घालून कंपनीला पाठवायची. उत्तरादाखल पोस्टाने कापडी बिल्ला येणार, शर्टावर शिवायला. स्क्रीनशॉट काढायला आज अर्धा सेकंद लागतो. तेव्हा अख्खा रोल संपेपर्यंत थांबावं लागे, मधल्या काळात बाकीच्या फोटोंसाठी कुणाचा तरी वाढदिवस यावा लागे.

वकिलाची नोटीस

आता माझी लाडकी गोष्ट. जरा सावकाश सांगतो.

इन्फोकॉम ही १९७९ मध्ये एमआयटीच्या मंडळींनी काढलेली कंपनी. त्यांच्या गेममध्ये चित्र नावाची चीज नव्हती. पडद्यावर वर्णन यायचं, तुम्ही आज्ञा टाइप करायची: उत्तरेला जा, दिवा उचल, दार उघड. पहिला गाजलेला गेम ‘झोर्क’. त्यात दिवा न लावता अंधारात फिरलात तर ‘ग्रू’ नावाचं जनावर तुम्हाला खातं. ते दिसायला कसं आहे कुणालाच माहीत नाही, कारण अंधार! खर्चाच्या दृष्टीने इतका स्वस्त राक्षस पुन्हा कुठल्या गेममध्ये झाला नाही.

लोक अडायचे. अडले की कंपनीला पत्र लिहायचे. माइक डॉर्नब्रुक हा झोर्कची चाचणी घेणाऱ्यांतला गडी. तो शिकागोत व्यवस्थापन शिकायला गेला आणि तिथूनच १९८१ मध्ये त्याने ‘झोर्क युजर्स ग्रुप’ सुरू केला. नकाशे विकायचे, पोस्टर विकायची, अडलेल्यांना पत्रातून वाट दाखवायची. पत्रं इतकी वाढली की एकेकाला उत्तर देणं परवडेना. मग त्यातून ‘इनव्हिजिक्लूज’ नावाच्या पुस्तिका निघाल्या.

ही पुस्तिका जवळून बघण्यासारखी आहे. डावीकडून उजवीकडे वाचत गेलं तर फक्त प्रश्न दिसतात. उत्तरांच्या जागा कोऱ्या. सोबत एक मार्कर मिळायचा, तो फिरवला की अदृश्य शाईतली अक्षरं वर यायची. आणि एका प्रश्नाला एकच उत्तर नाही. पहिल्या ओळीत नुसती कोपरखळी, दुसरीत जरा स्पष्ट इशारा, आणि अगदीच डोकं चालेना तर शेवटच्या ओळीत सरळ उत्तर. आपल्याकडच्या गाईडांत प्रश्नाखाली उत्तर तयार, पाठ करा आणि लिहा. इथे वाचकाने किती फसायचं, किती सुटायचं, हे त्याचं त्याने ठरवायचं. शिवाय आगाऊपणे पुढचं वाचणाऱ्यांसाठी मध्येच खोटे प्रश्न पेरलेले! गेममध्ये नसलेल्याच गोष्टींबद्दल प्रश्न विचारायचा, आणि मार्कर फिरवला की उत्तरात वाचकाचीच खिल्ली. परीक्षणात पाचपैकी साडेतीन तारे देणारे आम्ही लोक याच्यापुढे किस झाड की पत्ती.

याच मंडळींचं एक वार्तापत्रही होतं, वर्तमानपत्राच्या थाटाचं. नाव: ‘द न्यू झोर्क टाइम्स’. बातम्या, कोडी, नव्या गेमची जाहिरात, बिनबुडाचे विनोद. न्यूयॉर्कच्या त्या थोरल्या वर्तमानपत्राच्या वकिलांना विनोद पटला नाही. नाव बदला, म्हणून तंबी आली. इन्फोकॉमने वाचकांनाच नवं नाव सुचवायला सांगून स्पर्धा लावली आणि १९८६ मध्ये वार्तापत्राचं बारसं पुन्हा झालं: ‘द स्टेटस लाइन’. त्यांच्या गेमच्या पडद्यावर सगळ्यात वर एक ओळ असते, आपण कुठे आहोत आणि गुण किती ते दाखवणारी, तिच्यावरून. नाव समर्पक आहे, मान्य. पण जुनं शंभर पटींनी भारी होतं.

डॉर्नब्रुकचं पुढे काय झालं? बऱ्याच वर्षांनी तो हार्मोनिक्समध्ये होता. ‘गिटार हीरो’ बनवणारी ती कंपनी.

परीक्षक नववीतला

वेल्सच्या सीमेजवळ लडलो नावाचं छोटं इंग्रजी गाव आहे. तिथून न्यूजफील्ड ही संस्था पोस्टाने गेम विकायची. गिऱ्हाइकांना पाठवायच्या याद्यांत गेमची थोडक्यात परीक्षणं असत. ती लोकांना इतकी आवडली की फेब्रुवारी १९८४ मध्ये यादीचं मासिक झालं, ‘क्रॅश’. परीक्षण कोण करणार? गावातली शाळकरी पोरं! शाळा सुटली की पोरं कार्यालयात यायची, गेम खेळायची, मत सांगायची. मुखपृष्ठं ऑलिव्हर फ्रे रंगवायचा, अशी की आतल्या गेममध्ये दोन-चार चौकोन हलत असले तरी बाहेर महायुद्ध पेटलेलं दिसावं. लंडनच्या पॉश मासिकांची झोप या गावठी टोळीने उडवली. परीक्षण असंच लिहावं असं माझं हल्ली ठाम मत झालंय. ज्याला उद्या शाळेत जाऊन मित्रांना तोंड दाखवायचंय, तो कधी थाप मारत नाही.

स्टेपल मारलेला पिकाचू

जपानकडे वळू. १९८३. तोक्योच्या पश्चिमेला माचिदा गावात राहणारा सातोशी ताजिरी, वय सतरा-अठरा. लहानपणी किडे पकडण्याचा नाद, इतका की मित्र त्याला ‘किडे-डॉक्टर’ म्हणायचे. गाव वाढलं, शेतं आणि तळी बुजली, किड्यांच्या जागी आर्केड आली. पोरगं तिथे जाऊन बसायला लागलं. तिथल्या मशिनींच्या खाचाखोचा तो वहीत टिपायचा. त्या टिपांचं त्याने हस्तलिखित काढलं: हाताने लिहिलेलं, झेरॉक्स काढलेलं, स्टेपल मारलेलं. नाव ‘गेम फ्रीक’.

हौशी अंक विकणाऱ्या एका दुकानात तो अंक केन सुगिमोरी या चित्रकार तरुणाच्या हाती पडला. आवडला. त्याने ताजिरीला गाठलं आणि अंकासाठी चित्रं काढायला लागला. पुढची काही वर्षं दोघं गेमना नावं ठेवत राहिले. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की बहुतेक गेम रटाळ आहेत, आणि इलाज एकच, आपण बनवायचा. ताजिरीने निन्टेंडोचं फॅमिकॉम हे टीव्हीला जोडायचं गेम-यंत्र उघडून बघितलं, प्रोग्रॅमिंग शिकला. १९८९ मध्ये त्यांचा पहिला गेम ‘क्विंटी’ नामकोने बाजारात आणला, आणि त्याच वर्षी हस्तलिखिताच्या नावाने कंपनी सुरू झाली.

पुढे ‘गेम बॉय’ ही हातात मावणारी दोन गेम-यंत्रं केबलने जोडता येतात हे पाहिल्यावर ताजिरीला काय सुचलं असेल? त्या केबलवरून एक किडा सरपटत इकडून तिकडे जातोय! साधारण सहा वर्षं घासून २७ फेब्रुवारी १९९६ ला ‘पोकेमॉन’चे रेड आणि ग्रीन हे दोन गेम आले. हो, पिकाचूवालाच पोकेमॉन. आज जगातल्या सगळ्यात मोठ्या करमणूक-ब्रँडांमध्ये ज्याची गणती होते, त्याची कुंडली काढली तर मूळ घरात एक झेरॉक्सचा अंक बसलेला आहे.

अजून संपलं नाही. गेम छापायला जायच्या बेतात असताना चाचणीची अवजारं काढून टाकली, तेव्हा चिपमध्ये सुमारे ३०० बाइट जागा उरली. शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रॅमरने त्यात गुपचूप एक जास्तीचा प्राणी कोंबला, म्यू. तो कुणाला मिळायचाच नव्हता. पण गेममधल्या एका गोचीमुळे काहींना दिसला आणि पोरांमध्ये कुजबुज सुरू झाली. मग ‘कोरोकोरो कॉमिक’ या मुलांच्या मासिकाने जाहीर केलं: अर्ज करा, वीस जणांना म्यू देऊ. अर्ज आले ७८ हजार! सुरुवातीला बेताने चाललेल्या गेमचा खप त्यानंतर चढतच गेला. म्हणजे पोकेमॉनला जन्म दिला हस्तलिखिताने, आणि बाळसं धरायला लावलं मासिकातल्या कूपनने.

जपानचं नंबर एकचं पुस्तक

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ जपानमध्ये आला १३ सप्टेंबर १९८५ ला. तोकुमा शोतेन या प्रकाशनाने त्याचं मार्गदर्शक पुस्तक काढलं, आणि त्या वर्षीचं जपानमधलं सर्वाधिक खपाचं पुस्तक तेच ठरलं. वर्षाचे उरलेसुरले आठवडे हाताशी, आणि कादंबऱ्या, आत्मचरित्रं, पाककृती सगळ्यांना मागे टाकून मिशीवाला प्लंबर पहिला. पुढच्या वर्षीही यादीत पहिला तोच. (स्टुडिओ जिब्लीच्या स्थापनेमागेही हीच तोकुमा होती. या लोकांचा हात चांगला होता एवढंच म्हणतो.)

त्यांच्याच ‘फॅमिली कॉम्प्युटर मॅगझिन’मध्ये, सुरुवात १९८५, एक आचरट प्रथा होती. दर अंकात क्लृप्त्यांची भली मोठी यादी, आणि त्यातली एक मुद्दाम खोटी. कुठली ते वाचकाने ओळखायचं. एकदा त्यांनी छापलं की ‘सुइशो नो ड्रॅगन’ या गेममध्ये नायिकेशी दगड-कागद-कात्री खेळता येतं आणि हरली की ती एकेक कपडा उतरवते. पुढचं सांगायला नको. जपानभर पोरांनी बटणं झिजवली.

स्पर्धेत १९८६ च्या जूनमध्ये आलं ‘फॅमित्सू’. चार परीक्षक, प्रत्येकाचे दहा गुण, एकूण चाळीस. चाळीसपैकी चाळीस मिळवणारा पहिला गेम कधी यावा? १९९८ मध्ये, ‘झेल्डा: ऑकरिना ऑफ टाइम’. पहिली बारा वर्षं एकालाही पैकीच्या पैकी नाही! आपल्याकडच्या जुन्या मराठीच्या मास्तरांना हे लोक आवडले असते.

गोदामवाला हीरो

१९८७ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या निन्टेंडोने ग्राहकांना फुकट पाठवायचं एक वार्तापत्र काढलं, ‘निन्टेंडो फन क्लब न्यूज’. वर्षभरात सभासद दहा लाखांच्या वर! टपालखर्चाचा हिशेब बघूनच बहुधा, सात अंकांनंतर ते बंद करून १९८८ च्या जुलैमध्ये विकतचं ‘निन्टेंडो पॉवर’ सुरू केलं. जबाबदारी दिली गेल टिल्डन यांना. बोलावणं आलं तेव्हा त्या बाळंतपणाच्या रजेवर होत्या. मदतीला जपानची तोकुमा. हो, तीच, खोट्या क्लृप्त्यांवाली.

मासिकाचा चेहरा होता हॉवर्ड फिलिप्स, कायम बो-टाय लावणारा. हा मूळचा कंपनीचा गोदामप्रमुख! गोदामात आलेला प्रत्येक गेम खेळून बघायची सवय, आणि कुठला चालेल ते सांगण्यात नजर पक्की. ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ जपानहून आला तेव्हा त्याने खेळून बघितला: विषारी मश्रूम, उलटसुलट वारा, नुसता छळ. अमेरिकेतली पोरं रडतील, म्हणाला. तो गेम बाजूला पडला. त्याऐवजी ‘डोकी डोकी पॅनिक’ नावाचा वेगळाच गेम घेऊन, त्यातली फुजी टीव्हीच्या जत्रेची पात्रं काढून, मारिओ मंडळी बसवली. अमेरिकेचा ‘मारिओ २’ तो हाच, आणि ‘निन्टेंडो पॉवर’च्या पहिल्या मुखपृष्ठावर मातीची बाहुली करून बसवलेला मारिओही त्यातलाच. त्याच मासिकातल्या चित्रकथेत हॉवर्ड नेस्टर नावाच्या आगाऊ पोराला गेमचे धडे द्यायचा. गोदामापासून चित्रकथेच्या नायकापर्यंत बढती झालेला दुसरा माणूस मला माहीत नाही.

दुसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर मात्र ‘कॅसलव्हेनिया’चा योद्धा हातात ड्रॅक्युलाचं तुटलेलं मुंडकं धरून उभा. पोरं रात्री दचकून उठायला लागली, आयांची तक्रारीची पत्रं आली. नव्या मासिकाची ओळख घरोघरी इतक्या झटपट पटवून द्यायला आणखी काय हवं!

शेंग लाँगला हरवून दाखव

खोट्या क्लृप्त्यांमुळे थापांचा विषय निघालाच आहे. ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये रियू जिंकला की शेंग लाँग असं एक नाव घ्यायचा. हा कोण, कुणालाच ठाऊक नाही. अमेरिकेच्या ‘इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली’ने एप्रिल १९९२ च्या अंकात फोटोसकट सांगितलं, हा गुप्त खेळाडू आहे. रियूला एकही फटका न खाता बायसन या शेवटच्या शत्रूपर्यंत न्यायचं, मग त्याच्याशी एकही फटका न देता-घेता वेळ संपवायची, अशा दहा फेऱ्या, की शेंग लाँग उडी मारून येतो आणि बायसनला फेकून देतो. एप्रिल फूल! पण महिना कोण बघतो? नाण्यांचे ढीग लागले. १९९४ च्या ‘सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बो’मध्ये खरोखरच एक गुप्त खेळाडू आला, अकुमा. तो काय करतो? झपकन येतो आणि बायसनला उडवतो. मासिकाने थाप मारली, कंपनीने ती खरी करून दिली.

आपली कॅसेट

यातलं एकही मासिक नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत येत नव्हतं. येत होती ती कॅसेट, ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेली. त्यात प्रत्यक्ष गेम पाच-सहा, बाकी त्यांचेच अवतार. चालेना झाली की फुंकर मारायची. ‘काँट्रा’चा तीस जीवांचा मंत्र (वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, बी, ए) महाराष्ट्रभर पसरला तो छापील पानाशिवाय, निव्वळ तोंडी. तो कझुहिसा हाशिमोतोने १९८६ मध्ये ‘ग्रॅडियस’ची चाचणी घेताना स्वतःच्या सोयीसाठी घातला होता, गेम त्यालाच झेपत नव्हता म्हणून! नंतर तेव्हा मुंबईहून निघणाऱ्या ‘डिजिट’ मासिकाच्या सीडीवर गेमचे डेमो यायला लागले, त्यांच्याच घरचं गेमवरचं ‘स्कोअर’ आलं. आणि २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आला, त्याला द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालं. त्यावर सविस्तर लिहायचं आहे, पुढच्या वर्षी.

तोवर वाचकांची पत्रं. सर्वाधिक पत्रं कशावर आली? नव्या गेमवर नाही. ‘काँट्रा’वर. त्यातलं एक इथे देतोच. एका गृहस्थांनी विचारलंय: धबधब्याच्या लेव्हलला माझा थोरला भाऊ नेहमी वर पळायचा आणि खाली राहिलेला मी मरायचो. हा गेमचा दोष की भावाचा?

उत्तर: त्या लेव्हलला पडदा फक्त वरच्या दिशेने सरकतो. एक वर गेला की दुसऱ्याच्या पायाखालची कड पडद्याबाहेर जाते आणि जीव जातो. म्हणून उडी जोडीने मारायची असते. हे थोरल्याला पहिल्या दोन वेळांनंतर नक्की कळलं असणार. तेव्हा दोष भावाचाच.